दिवसभर जिकडे वाकतो, सकाळी त्याच्या उलट : नवख्यांसाठी वीस मिनिटांचा सोपा योग

बेळगावच्या वडगाव-खासबागेत यंत्रमागावर उभा राहणारा विणकर तुटलेला धागा सांधायला, धोट्यातली कांडी बदलायला दिवसातून किती वेळा वाकतो, ते त्यालाही सांगता यायचं नाही. निपाणीकडच्या अक्का मांडीवर सूप घेऊन विड्या वळायला बसल्या की मान तासन्‌तास खाली. खानापूर तालुक्यात रोपलावण सुरू झाली की आख्खं घर चिखलात कंबरेतून वाकलेलं. उद्यमबागेत लेथवर उभा असलेला कामगार, टिळकवाडीत संगणकासमोर बसलेला कारकून, घाटातून गाडी चालवणारा ड्रायव्हर, भाकऱ्या थापणारी बाई, सगळ्यांची कामं वेगळी. पण शरीर एकाच दिशेला जातं. मान पुढे, खांदे पुढे, पाठ पुढे.

सकाळच्या योगाची सुरुवात करताना हे आधी बघायला हवं. पुष्कळ नवखी माणसं पहिल्या दिवशी उभी राहतात आणि खाली वाकून पायाचे अंगठे धरायला जातात. हात टेकले म्हणजे योग आला, अशी समजूत आहे. दिवसभर जे करायचंच आहे तेच पहाटे उठून पुन्हा कशाला? सकाळची वेळ उलट हालचालीला द्या : छाती उघडायला, पाठ हलकेच मागे न्यायला, मान मोकळी करायला, दमलेल्या पायांना आराम द्यायला.

याला शरीरातलंही कारण आहे. मणक्यांच्या मधे ज्या मऊ चकत्या असतात, त्या रात्रभर आडवं राहिल्याने पाणी शोषून फुगलेल्या असतात. सकाळी आपली उंची साधारण एक-दीड सेंटीमीटर जास्त भरते ती त्यामुळेच. अशा वेळी कंबर खोल वाकवली तर चकत्यांवर आणि मागच्या बाजूच्या बंधांवर नेहमीपेक्षा जास्त ताण येतो. अंथरुणातून उठून दात घासायला बेसिनवर वाकलं आणि कंबरेत लचक भरली, असं सांगणारे आपल्या ओळखीत असतातच. म्हणून उठल्यावर पहिला अर्धा-एक तास पुढे खोल वाकणारी आसनं नकोत. ज्यांच्या कंबरेची जुनी तक्रार आहे त्यांनी तर हा नियम पक्का धरावा.

वेळ आणि जागा

"वेळ कुठं गावतोय ओ?" हे मी सगळ्यात जास्त वेळा ऐकतो. खरंच आहे. नळाला पाणी यायचा दिवस असला की पहाटेपासून घागरी, पिंपं, बादल्या भरायची गडबड. पोरांचे डबे, पहिली पाळी, दुधाचा रतीब. म्हणून ठरावीक वाजण्याच्या भानगडीत पडू नका. रोज होणाऱ्या एखाद्या गोष्टीच्या शेजारी योग बसवा : दात घासून झाले की आणि चहा ठेवायच्या आधी. पाण्याचा दिवस असेल तर पाचच मिनिटं करा, पण ती पाच मिनिटं सोडू नका. बेळगावात जानेवारीत सूर्य सात वाजून गेल्यावर उगवतो आणि जूनमध्ये सहाच्या सुमारास. सूर्योदयाची वेळ धरायची असेल तर हा तासाभराचा फरक हिशेबात घ्या.

पोट रिकामं असावं. कोमट पाणी प्यायला हरकत नाही. चहा नंतर, उप्पीट-पोहे त्याच्याही नंतर. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असणाऱ्यांनी मात्र उपाशीपोटी चालेल का, थोडं काही खाऊन करावं का, हे आपल्या डॉक्टरांना विचारून ठरवावं.

रबरी मॅट विकत आणायची घाई नको. घरात जमखाना असतोच. जाडसर, दुपदरी घातला की गुडघ्याला फरशी टोचत नाही आणि थंडीत शहाबादीचा गारठाही अंगात शिरत नाही. गुळगुळीत फरशीवर तो सरकतो, म्हणून एक कड भिंतीला लावून घाला. पावसाळ्यात, विशेषतः खानापूर-जांबोटी पट्ट्यात, जमखाना आठवडाभर वाळत नाही आणि त्याला कुबट वास मारतो. तेव्हा खाली प्लास्टिकची चटई आणि वर धुतलेली सुती चादर घ्या. सोप्यात, माडीवर, दोन खाटांच्या मधे, कुठंही चालेल. हात पसरून आडवं पडता आलं म्हणजे जागा पुरे. एक खुर्ची आणि भिंतीचा थोडा मोकळा भाग जवळ असू द्या.

सुरू करण्याआधी कुणी विचारावं? रक्तदाब आटोक्यात नसेल, हृदयाचा आजार असेल, पोटाचं किंवा पाठीचं ऑपरेशन झालेलं असेल, चकती सरकलेली असेल, काचबिंदू असेल, चक्कर येत असेल, हाडं ठिसूळ झाल्याचं निदान असेल, दिवस गेलेले असतील, तर आधी डॉक्टर. गरोदर बाईने पालथं झोपून करायची आसनं करायची नाहीत.

अंथरुणातून उठताना

पहिली पायरी अंथरुणातच. डोळे उघडले की लगेच ताडकन उठून बसू नका. पाय लांब ठेवून घोटे हलवा : पावलं आपल्याकडे ओढा, पुढे ढकला, मग गोल फिरवा. दहा वेळा पुरे. नंतर कुशीवर वळा, पाय खाटेखाली सोडा आणि हाताने रेटा देऊन उठा. जमिनीवर झोपणाऱ्यांनी कुशीवरून हातावर आणि मग गुडघ्यावर यावं. वय झालेल्यांनी कडेवर जरा वेळ बसूनच उभं राहावं, कारण झपकन उठल्यावर रक्तदाब उतरून डोळ्यांपुढे अंधारी येऊ शकते.

बसून

जमखान्यावर मांडी घाला. ढुंगणाखाली चादरीची घडी घेतली की गुडघे आपोआप खाली जातात आणि पाठ सरळ राहते. मांडी होत नसेल तर खुर्ची. यात कमीपणा मानू नका. कोलार जिल्ह्यातल्या बेळ्ळूर गावी १९१८ साली जन्मलेले आणि १९३७ पासून पुण्यात शिकवू लागलेले बी. के. एस. अय्यंगार यांनी तर खुर्ची, पट्टा, लाकडी ठोकळे, उशा यांचा आधार घेऊनच हजारोंना आसनं शिकवली. आजारी आणि वयस्क माणसाचं शरीरही आसनात बसवता येतं, हे त्यांनी जगाला दाखवलं.

डोळे मिटा. दहा श्वास नुसते बघा. लांब करू नका, रोखू नका, आवाज काढू नका. पुढे प्रत्येक हालचालीत या श्वासाकडेच बघायचं आहे. तो संथ चालू आहे तोवर तुमचं बरोबर चाललंय. तो अडकला, धाप लागली, दात आवळले गेले, की तुम्ही जास्त ताणलंय. तिथून थोडं मागे या. माझ्या मते नवख्याला एवढं एक कळलं तर आसन थोडं वाकडंतिकडं झालं तरी बिघडत नाही.

आता मान. श्वास सोडत उजवीकडे वळवा, घेत मधे आणा, मग डावीकडे. पाच-पाच वेळा. नंतर उजवा कान उजव्या खांद्याकडे, मग डावा डावीकडे; खांदा वर उचलायचा नाही. मान पूर्ण गोल गरगर फिरवणं टाळा, विशेषतः चाळिशीनंतर आणि चक्करेचा त्रास असेल तर.

खांद्यांसाठी बोटांची टोकं खांद्यांवर ठेवा आणि कोपरांनी हवेत मोठी वर्तुळं काढा, पाच पुढून, पाच मागून. मागे जाताना पाठीच्या फऱ्या एकमेकींजवळ येतात. तिथे थोडं रेंगाळा. विड्या वळणाऱ्या, शिवणकाम करणाऱ्या, फोनवर सतत टाईप करणाऱ्या हातांनी पुढचं जरूर करावं : मूठ घट्ट वळा, सोडा, बोटं फाकवा. मनगटं गोल फिरवा. मग एका हाताने दुसऱ्याची बोटं हलकेच मागे ओढून तीन श्वास थांबा.

मांजर

मार्जरासन हे नवख्यांसाठी सगळ्यात गुणी आसन आहे, म्हणून ते नीट सांगतो. गुडघे आणि तळहात टेकून घोडा करून उभे राहा. मनगटं खांद्यांच्या बरोबर खाली, गुडघे कंबरेच्या खाली, दोन्ही गुडघ्यांत वीतभर अंतर. बोटं पसरलेली. श्वास घेत पोट जमिनीकडे सैल सोडा, छाती पुढे न्या, नजर समोर. श्वास सोडत पाठ छताकडे उचला, हनुवटी छातीकडे. नवखा माणूस हे मानेपासून करतो आणि मधली पाठ फळीसारखी ताठ राहते. म्हणून सुरुवात माकडहाडापासून करा : आधी कंबर हलेल, मग मधली पाठ, मग खांदे, सगळ्यात शेवटी मान. घरातल्या कुणाला तरी पाठीच्या मधोमध, दोन फऱ्यांच्या खाली, तळहात ठेवायला सांगा आणि तो हात वर-खाली होतोय का ते विचारा. दोन-चार दिवसांत तो भाग हलायला लागतो.

सहा ते आठ वेळा. यातही पाठ गोल होते, पण वजन हातापायांत वाटलेलं असल्याने कंबरेवर भार येत नाही. तरी गोल करणं बेतानेच ठेवा आणि पोट सैल सोडण्यावर जोर द्या. मनगट दुखत असेल तर मुठींवर करा. गुडघे अजिबात टेकवत नसतील तर खुर्चीत बसून, तळहात मांड्यांवर ठेवून हेच करता येतं.

उभं राहून

ताडासनात पाय जुळवून किंवा जरा फाकवून उभे राहा. वजन टाचेवर की चवड्यावर, हे बघा. मागावर किंवा मशीनवर उभं राहणाऱ्यांचं बहुतेक एकाच पायावर जास्त असतं. ते दोन्हींवर सारखं करा. श्वास घेत हात डोक्यावर न्या, जमत असेल तर टाचा उचला, श्वास सोडत खाली या. तोल जात असेल तर एक हात भिंतीला. पाच वेळा.

मग अर्धकटिचक्रासन : उजवा हात वर, कानाला लागून, डावा मांडीवरून गुडघ्याकडे सरकवत डावीकडे झुका. पुढे कलू नका. तीन श्वास, मग दुसरी बाजू.

यानंतरचं माझं फार आवडतं, आणि त्याला आसनाचं नाव नाही. दाराच्या चौकटीत उभे राहा. दोन्ही कोपरं खांद्याच्या उंचीला वाकवून हाताचा पुढचा भाग चौकटीच्या दोन्ही खांबांना टेकवा. एक पाय अर्धं पाऊल पुढे टाका. छाती दारातून पुढे जाईल, हात मागे राहतील. पाच श्वास. जुन्या घरांच्या अरुंद चौकटी यासाठी फार सोयीच्या. रुंद दार असेल तर एका वेळी एक हात. संगणकावर काम करणाऱ्यांनी हे दिवसातून आणखी दोनदा करावं. खांदा निखळण्याचा किंवा आखडण्याचा त्रास असेल तर कोपर खाली घ्या.

पालथं आणि उताणं

पालथे झोपा. कपाळ जमिनीवर, तळहात छातीच्या बाजूला, कोपरं अंगाला चिकटून. पावलांच्या वरच्या बाजूने जमीन दाबा आणि श्वास घेत आधी कपाळ, मग छाती उचला. बेंबी खालीच राहिली पाहिजे. हातांनी रेटून उंच जायचा मोह होतो, तो आवरा. तळहात क्षणभर उचलून बघा. छाती खाली आपटली तर तुम्ही हातांच्या जोरावर वर होता. तेवढी उंची कमी करा. हे भुजंगासन. दोन-तीन श्वास थांबा, खाली या, गाल टेकवून विसावा घ्या. तीन वेळा. कंबरेत टोचल्यासारखं झालं तर कोपरं जमिनीवर टेकवून तेवढंच वर राहा. विणकर, शेतकरी, कारकून, सगळ्यांच्या सकाळीत हे एक आसन असावं असं मला मनापासून वाटतं.

आता उताणे व्हा. गुडघे वाकवून पावलं ढुंगणाजवळ टेकवा. श्वास घेत कंबर उचला, श्वास सोडत मणका मणका करत खाली ठेवा. सेतुबंधासन. वर असताना मान वळवायची नाही, नजर छताकडेच. पाच वेळा. त्यानंतर एकच गुडघा दोन्ही हातांनी पोटाकडे आणा, डोकं न उचलता, तीन श्वास, मग दुसरा. कंबरेतून कळ पायात उतरत असेल तर हे सोडाच.

उभ्याचं काम असणाऱ्यांनी शेवटी भिंतीजवळ सरकावं आणि पिंढऱ्या खुर्चीच्या बैठकीवर ठेवून दोन मिनिटं पडावं. हेच संध्याकाळी कामावरून आल्यावर केलं तर पायांची सूज आणि जडपणा उतरायला जास्त मदत होते.

मग शवासन, तीन मिनिटं तरी. हाच भाग लोक आधी सोडतात, "नुसतं पडून काय होणार" म्हणून. पण नुसतं पडणं जमत नाही, हेच तर तेव्हा कळतं. थंडीत अंगावर चादर घ्या, कारण स्थिर पडलं की अंग गार पडायला लागतं. उठताना पुन्हा कुशीवरून.

बसून शेवटची दोन-तीन मिनिटं अनुलोम-विलोम. डाव्या नाकपुडीने श्वास घ्या, उजवीने सोडा. उजवीने घ्या, डावीने सोडा. असं सहा वेळा, न रोखता. पावसाळी सर्दीने नाक चोंदलं असेल त्या दिवशी जबरदस्ती करू नका, फक्त शांत बसा. टीव्ही बघून कपालभातीचे भराभर ठोके मारायला सुरुवात करणारे खूप आहेत. रक्तदाब, हृदयविकार, हर्निया, गरोदरपण यांत ते करायचं नसतं आणि बाकीच्या नवख्यांनीही शिक्षकासमोरच शिकावं.

पहिल्या महिन्याचा बेत

सगळं एका दिवशी अंगावर घेऊ नका. पहिल्या आठवड्यात फक्त दहा श्वास, मान-खांदे, मार्जरासन आणि शवासन. दुसऱ्या आठवड्यात उभं राहून करायचं जोडा. तिसऱ्यात भुजंगासन आणि सेतुबंध. प्राणायाम चौथ्यात. थोडं कमी वाटलं पाहिजे, आणखी करावंसं वाटत असतानाच थांबलं पाहिजे.

रोपलावणीच्या दिवसांत शेतकऱ्यांनी वेगळं करायचं. सकाळी फक्त मार्जरासन आणि भुजंगासन, आणि संध्याकाळी गरम पाण्याने अंग धुऊन झालं की पिंढऱ्या खुर्चीवर. आधीच दमलेल्या अंगाला आणखी व्यायामाची गरज नसते. बांधावर जेवायला बसण्याआधी कंबरेवर हात ठेवून दोन-तीन वेळा हलकं मागे झुकलं तरी पाठीला बरं वाटतं.

ताण आणि दुखणं यांतला फरक ओळखायला शिका. स्नायू ओढल्यासारखे वाटतात आणि सोडल्यावर बरं वाटतं, तो ताण. टोचणारी, सांध्याच्या आत जाणवणारी, सोडल्यावरही राहणारी कळ, हातापायाला मुंग्या, बधिरपणा, छातीत दाब, असं काही झालं तर तिथेच थांबा आणि डॉक्टरांना दाखवा.

सूर्यनमस्कार कधी, हा प्रश्न आपल्याकडे येतोच. बेळगावच्या तालमींतून, शाळांतून आपण तो बघत आलोय, आणि औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी तो घराघरांत नेण्यासाठी आयुष्यभर खटपट केली. पण त्यात पुढे वाकणं पुन्हा पुन्हा येतं आणि हातांवर सगळं वजन घ्यावं लागतं. महिना-दोन महिने वरचं नेमाने झालं, मार्जरासनात मधली पाठ हलायला लागली, की मग संथपणे दोन-तीन घाला.

२०१५ पासून २१ जूनला योग दिन होतो. तेव्हा मैदानांवर मोठा समुदाय जमतो आणि साधारण पाऊण तासाचा ठरलेला क्रम करतात. जरूर जा, पण नवखे असाल तर मागच्या रांगेत बसा आणि जे जमत नाही ते गाळा. आपल्या भागातले पुष्कळ वर्ग कानडीतून चालतात. तेवढ्यासाठी बिचकू नका. आसनांची नावं तीच आहेत, आणि श्वास कधी घ्यायचा-सोडायचा ते दोन दिवसांत कानाला समजतं. शिक्षक निवडताना एवढं बघा : पहिल्या दिवशी तो तुमचं काम आणि दुखणी विचारतो का, आणि गुडघा दुखतो म्हटल्यावर तुमच्यासाठी आसन बदलून देतो का. पाठीवर बसून, पाय दाबून, "अजून, अजून" म्हणत ताणणारा असेल तर दुसऱ्या दिवशी जाऊ नका.